बिनमिठाचा हिवाळा

कार्तिक सरला की जालन्यात दोन गोष्टी एकदमच होतात. सकाळी अंगावर काटा यायला लागतो आणि स्टेशन रोडच्या खांबांवर उघडे पुरुष लागतात. फलकांवर, म्हणजे. दंड फुगवलेले, तेल चोपडलेले, छातीवर औषधालाही केस नसलेले. आणि त्यांच्या डोक्यावर ओळीनं पुढाऱ्यांचे चेहरे, जाकीट-मफलरातले. यंदाही लागलेत. बियाणं कंपनीच्या ऑफिसात जाताना मी रोज त्यांच्याखालून मोटारसायकल नेतो. माझं पोट आता पेट्रोलच्या टाकीला टेकतं. कधी काळी मीही त्यांच्यातला एक होतो हे बायकोला सांगूनही खरं वाटत नाही, आणि मीही तिला पटवायला जात नाही. फोटो मागेल, ही भीती. फोटो आहे एकच आणि तो मला बघवत नाही.

हिवाळा आला की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला तहान आठवते. उन्हाळ्यातली तहान सरळ असते, घशाला लागते, पाणी पिलं की जाते. थंडीतली, मुद्दाम अंगावर घेतलेली तहान वेगळीच. ती जिभेच्या मुळाशी बसते. ओठ फाटतात, थुंकी दोऱ्यासारखी ओढली जाते, आणि शेजारच्या घरात कुणी नुसता हंडा जरी विसळला तरी आपले कान तिकडं वळतात. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत पहिल्यांदा उतरणार होतो. सत्तर किलोच्या गटात. आयुष्यात आपल्याला कुणीतरी बघावं, निदान एकदा सगळ्यांनी मिळून बघावं, एवढंच त्या वेळी मला पाहिजे होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

जिम मुनीरभाईंची. खाली त्यांचं गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान आणि वर पत्र्याची लांबट खोली. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. सळईच्या कारखान्यांतून भंगार आणून मुनीरभाईंनी सगळी यंत्रं स्वतःच्या हातानं जोडली होती. त्यामुळं त्यांचे दोन डंबेल कधी सारख्या वजनाचे नसत. जो जास्त जड, त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका असायचा. ठिपकेवाला आज उजव्या हातात घेतला तर उद्या डाव्या हातात घ्यायचा, हा तिथला नियम. नवीन पोरं हसायची. मुनीरभाई म्हणायचे, "हसू नक्को. महिनाभर उठा, बॉडी खुद बराबर कर लेती." आणि खरंच व्हायचं बराबर. टेपनं मोजलं तर दोन्ही दंड सारखे भरायचे.

आमच्या घरात आईच्या गळ्यात माळ. अंडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मी जालन्यात एकटा राहायचो तेव्हाही. म्हणून माझी रोजची पंधरा अंडी मुनीरभाईंच्या अम्मी उकडायच्या. मी पांढरं खायचो. पिवळे बलक त्यांच्याकडंच राहायचे. त्या तीन महिन्यांत त्यांच्या घरात बलकाचं सालन झालं, बलकाचे कबाब झाले, बलक घालून पराठे झाले. शेवटी एकदा अम्मी जिन्यातून वर ओरडल्या, "भागवत बेटा, तेरी ये स्पर्धा कब है एकदाची? घर में सब पीले पड़ने लगे." सगळी जिम हसली. मीही हसलो. नंतर अम्मींच्या हातची मसाल्याची कोंबडीसुद्धा बंद झाली, मीठ बंद झालं, आणि हसणं आपोआप कमी झालं. अंगातलं मीठ गेलं की माणूस चिडका होतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात अण्णा आष्टीहून माझ्याकडं राहायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील. छप्पन्न-सत्तावन्नचे असतील. शेतावर काम करता करता दम लागायला लागला, पायांवर सूज आली, म्हणून जालन्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पंप कमजोर झालाय. शेती काकांकडं सोपवून आई आणि अण्णा माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आले. डॉक्टरांनी अण्णांना सांगितलेलं पथ्य ऐकून मला हसू आलं होतं: मीठ नाही, पाणी दिवसाला सव्वा लिटरच्या वर नाही, आणि रोज सकाळी उठल्यावर वजन करायचं. वजन एकाएकी वाढलं तर समजायचं की अंगात पाणी साठतंय, आणि तडक दवाखान्यात यायचं. माझंही तेच चाललेलं. मीठ नाही, पाणी मोजून, रोज वजन. एकाला मरू नये म्हणून सांगितलेलं, दुसऱ्यानं हौसेनं पत्करलेलं.

आईला बरंच झालं. एकाच पातेल्यात दोघांचं शिजायचं. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची मेथी. मीठ नसलं की मेथी किती कडू असते ते मला त्या वर्षी कळलं. आम्ही बाप-लेक समोरासमोर बसून तोंड वाकडं करत जेवायचो आणि आई पलीकडं बसून स्वतःच्या ताटात मीठ घ्यायची तेव्हा दोघंही तिच्या चिमटीकडं बघायचो. लहानपणापासून अण्णा आणि मी असे समोरासमोर बसून कधी जेवलोच नव्हतो. ते रानात, मी शाळेत. नंतर मी जालन्यात, ते आष्टीत. बोलणंही बेताचंच. त्या बिनमिठाच्या जेवणांत आमची जेवढी ओळख झाली तेवढी आधीच्या सव्वीस वर्षांत झाली नव्हती. एकदा घास गिळत ते म्हणाले, "आपल्या बैलांला तरी मिठाचा खडा चाटाय भेटतो." बस्स, एवढंच. आणि मी तोंडातला घास उडेल इतका हसलो होतो.

वजनकाटा माझा. सकाळी आधी ते चढायचे, मग मी. आकडे कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. वर त्यांचा, खाली माझा. माझा आकडा उतरला की ते खूश व्हायचे, त्यांचा जागच्या जागी राहिला की मी. त्यांच्या गोळ्या द्यायचं कामही माझंच होतं, कारण मी पहाटे उठायचो. पाच गोळ्या. नावं इंग्रजीतली, ती त्यांच्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती. लालसर ती मसूर. पिवळी ती तूर. लांबट पांढरी ती करडी. मोठी ओबडधोबड तो हरभरा. आणि एकदम बारीक, गोल, पांढरी, ती ज्वारी. मी त्यांच्या तळहातावर पाची ठेवायचो. ते बोटानं सारून बघायचे, पेरायला काढलेलं बी निवडावं तसे, आणि मग तोंडात टाकायचे. ज्वारी म्हणजे लघवीची गोळी. अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी. ती घेतली की दुपारपर्यंत त्यांना घडीघडी उठावं लागायचं, आणि त्यावरून ते तिला शिव्याही द्यायचे.

माझ्या तयारीवर त्यांचा विश्वास नव्हता. "अंगात एवढी ताकद हाय तर आष्टीला चल, तुरीची पोती टाक थप्पीवर," असं सुरुवातीला म्हणायचे. पण मी खोलीतल्या आरशासमोर पोज देऊ लागलो की खाटेवरून टक लावून बघत राहायचे. हळूहळू सूचना सुरू झाल्या. "कमरंत वाकून राह्यला तू." "हात वर घेतला की तोंड कामून वाकडं करतो? हसत ऱ्हाय." एकदा मी पाठ पसरली, दोन्ही बाजूंचे पंखे उघडले, तर म्हणाले, "आमचा बाप असा दिसायचा पाठमोरा. त्यानं न्हाई केली जिम." माझ्या अंगात आजोबांना बघणारा तो एकटाच प्रेक्षक होता. मला स्पर्धेतले हजार लोक हवे होते.

आता पाठीचं. छातीवरचे, पायांवरचे केस आपले आपण काढता येतात. पाठीवर हात पोचत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी वस्तरा घेऊन जिमला निघालो तर अण्णा म्हणाले, "कुठं चालला? आण इकडं." मला दारापुढच्या गॅलरीत उन्हात पाटावर बसवलं, स्वतः मागं खुर्ची घेतली, कोमट पाणी लावलं आणि खांद्यापासून खाली वस्तरा ओढू लागले. "म्हशी लई भादरल्या. पोरगं पैल्यांदाच," म्हणाले. आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. त्यांचा हात हलका होता. एकदासुद्धा कापलं नाही. दोन-दोन ओढी झाल्या की ते थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा सुरू करायचे. तेवढीशी पाठ करायला त्यांना तास लागला. मी मान खाली घालून बसलो होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंना त्यांची पावलं होती. चप्पल काढून ठेवलेली. चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उठला होता दोन्ही पावलांवर. मी बघितला तो वळ. म्हातारपण, असं मनात म्हणालो. छप्पन्न वर्षांचं म्हातारपण.

खरं तर मला माहीत होतं. ते लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहितोय, उगाच डंबेलाच्या आणि बलकाच्या गमती सांगत बसलो.

स्पर्धेच्या आठवड्यात पोरं एकमेकांना काय काय सांगतात. कुणीतरी सांगितलं, शेवटचे चार दिवस पाण्याची गोळी घे, कातडी अशी चिकटते की आतला धागा न् धागा दिसतो. मी मुनीरभाईंना विचारून पाहिलं. ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "गोली-वोली कुछ नक्को. जो खाके बनता, वो खाके बन. बिलकुल नक्को." मी बरं म्हणालो. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं: ती गोळी आपल्या फळीवर आहे. औषधाच्या दुकानात गेलो असतो तर चिठ्ठी मागितली असती, ओळखीचा दुकानदार होता, त्यानं मुनीरभाईंना सांगितलं असतं. घरातली घेतली तर पाकीट लवकर संपेल आणि आई विचारेल. म्हणून मी तिसरी वाट काढली. चारच दिवसांचा प्रश्न होता. अण्णांच्या चार गोळ्या. चार दिवसांत काय होतंय, असं मी मनाशी अगदी हिशेबी आवाजात म्हणालो. मला तो माझा आवाज अजून ऐकू येतो.

गुरुवारी सकाळी त्यांच्या तळहातावर चार गोळ्या ठेवल्या. आई खाली नळावर भांडी घासायला गेली होती. अण्णांनी बोटानं सारून बघितलं.

"ज्वारी न्हाई दिसत."

"डॉक्टरनं चार दिवस बंद ठेवाय सांगितलीय," मी म्हणालो. "फोन केल्ता मी काल."

त्यांनी जराही शंका घेतली नाही. "बरं झालं. तेवढीच सुट्टी. उठून उठून बेजार केल्तं तिनं," असं म्हणून चार गोळ्या तोंडात टाकल्या आणि मोजलेल्या पाण्याचा घोट घेतला. पाचवी माझ्या मुठीत होती. मी मोरीत जाऊन ती कोरडीच गिळली.

मग कॅलेंडरवर रोज दोन आकडे चढू-उतरू लागले. शुक्रवारी त्यांचा एक किलोनं वर, माझा एक किलोनं खाली. शनिवारी पुन्हा तेच. अण्णा काट्यावरून उतरताना म्हणाले, "भरून राह्यलो की मी. जालन्याचं पाणी मानवलं." आईला केवढा आनंद झाला. बिनमिठाचं अन्न अंगी लागलं, असं तिनं शेजारणीला जाऊन सांगितलं. आणि मी, ज्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं की वजन वाढणं म्हणजे काय, तो मी तो आकडा स्वतःच्या हातानं लिहीत होतो. जिममध्ये वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाला वजन वाढलं की बरं वाटतं, ही सवय असते. मी त्या सवयीच्या आड लपलो. माझ्या अंगातलं पाणी जात होतं, त्यांच्या अंगात साठत होतं. एका घरात, एका काट्यावर. मी आरशात माझ्या मांडीवरची शीर बघत होतो आणि ती मला फार सुंदर वाटत होती.

रविवारी स्पर्धा. अण्णांना यायचं होतं, धोतर-सदरा काढून ठेवला होता, पण सकाळी दोन पायऱ्या उतरल्या आणि पुन्हा वर येऊन बसले. "तू जा. मी मागून येतो रिक्षानं," म्हणाले. त्यांच्या तळहातावर त्या दिवशीही मी चारच गोळ्या ठेवल्या होत्या.

मंडपामागं मुनीरभाईंनी स्पंजनं मला तपकिरी रंग लावला. दोन हात झाले, तिसरा झाला, मी पितळेच्या घंगाळासारखा दिसू लागलो. बाकी सगळे हसत होते, दंड-बैठका मारत होते; माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या. स्टेजवर गेलो. दिव्यांपलीकडं अंधार, आणि अंधारात शिट्ट्या. मी रांगांमधून धोतर शोधत होतो. पहिली पोज झाली, दुसरी झाली. तिसऱ्याला पोटरीत गोळा आला, मग मांडीत, मग पोटातच काहीतरी पिळलं गेलं आणि मी हसत हसत वाकलो. कमरेत वाकलो. पंचांनी पुढं बोलावलेल्या पाच जणांत माझा बिल्ला नव्हता. मागं आल्यावर मुनीरभाईंनी माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी मिठाचं पाणी पाजलं, थोडं थोडं. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, एवढं ते गोड लागलं. मुनीरभाई म्हणाले, "गोली खाया तू." विचारलं नाही, सांगितलंच. मी ग्लासाकडं बघत राहिलो. ते उठून दुसऱ्या मुलाकडं गेले.

दिवस मावळता घरी आलो तर अण्णा खाटेच्या काठावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वरखाली. आडवं होता येईना. एवढ्या थंडीत आई त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत होती. श्वासात पाण्यासारखा आवाज येत होता. "भागू, ह्यांला काय व्हतंय बघ रं," आई म्हणाली. मी त्यांना उचलायला गेलो. दीडशे किलो खांद्यावर घेऊन बैठका मारणारा मी; त्या दिवशी चौसष्ट किलोचा बाप मला उचलता आला नाही. मी त्यांच्यासकट पुन्हा खाटेवर बसलो. शेवटी रिक्षावाला वर आला, त्यानं आणि आईनं त्यांना खाली नेलं. रिक्षात ते माझ्या छातीला टेकून बसले होते आणि स्वतःला सोडवून सोडवून श्वास घेत होते. दवाखान्यात त्यांचा सदरा काढला तेव्हा त्यावर सगळीकडं माझा तपकिरी रंग लागला होता. नर्स विचारत होती, हे काय लागलंय. आई म्हणाली, पोराच्या अंगाचं हाय.

त्यांना त्याच गोळीचं औषध सुईतून दिलं. रात्रभरात अंगातलं पाणी निघालं आणि सकाळी ते डोळे उघडून पडले होते, थकलेले, पण श्वास साधा झालेला. मला बघून पहिला शब्द काढला, "नंबर?"

"न्हाई आला."

"हं," म्हणाले आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. तेवढ्यात डॉक्टर आले. कागद चाळले. आई उशाशी उभी होती, मी पायथ्याशी, खाटेची दांडी धरून. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, पाण्याची गोळी रोज चालू होती ना? ती बंद केल्याशिवाय असं होत नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. जरा भुवया वर करून, एखादी वस्तू कुठं ठेवली ते अचानक आठवावं तसं बघितलं. मग डॉक्टरांकडं तोंड केलं.

"चार दिवस घेतली न्हाई साहेब. इसरलो."

"असं विसरून कसं चालेल?"

"चुकलंच माझं."

आणि आईचा तिथंच बांध फुटला. "पोरगं रोज हातात गोळ्या देतं तरी इसरता? तोंडात टाकायच्या बी कळत न्हाई का तुमाला?" डॉक्टरांनी तिला शांत केलं. मी दांडी धरून उभा होतो. माझ्या नखांत रंग होता. बोलायला एक क्षण होता, पूर्ण एक क्षण, सगळे गप्प होते. मी काही बोललो नाही.

त्यानंतर अण्णा चार महिने होते. गोळ्यांचं काम आईनं माझ्याकडून काढून घेतलं. एकेक गोळी त्यांच्या जिभेवर ठेवायची, पाणी द्यायची आणि तोंड उघडायला लावून आत बघायची. आलागेला माणूस बसला की त्याच्यासमोर सुरू व्हायची, हे असे इसराळू, ह्यांच्यापाई मी एक दिवस येडी होईन. अण्णा नुसते हसायचे, टोपी सारखी करायचे. मी कधी पाणी प्यायला उठायचो, कधी उगाच चपला घालून खाली जायचो. रोज वाटायचं, उद्या सांगू. एकदा फाल्गुनातल्या दुपारी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "अण्णा, ती गोळी—" ते भिंतीला टेकून माझा स्पर्धेतला फोटो बघत बसले होते, तो एकच फोटो, मुनीरभाईंनी काढलेला. मान वर न करता म्हणाले, "पुढच्या सालाला पायावर मेहनत घे. पाय बारीक दिसून राह्यले." मी बरं म्हणालो. वैशाखात, गावी आष्टीला नेलं होतं तिथं, ते गेले. दारातल्या खाटेवर, सकाळच्या उन्हात. मुनीरभाई मातीला आले होते, लांब उभे राहिले, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मी पुन्हा त्यांच्या जिमचा जिना चढलो नाही.

हृदय आधीच कमजोर होतं, आज ना उद्या व्हायचंच होतं, हे मी स्वतःला सांगून पाहिलंय. डॉक्टरही तसंच म्हणाले असते, विचारलं असतं तर. पण मला छळतं ते त्यांचं जाणं नाही. ते जायचेच होते, माणसाचे बाप जातात. मला छळतात ते चार महिने. त्यांनी ते टोपी सारखी करत काढले आणि मी समोर बसून ऐकत होतो. देहाचे सगळे स्नायू मला नावानिशी पाठ होते. तोंड उघडायला कुठला लागतो, तेवढा जागचा हलला नाही.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. थंडी पडलीय. आई ओसरीत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. ती आता पासष्टीच्या पुढं गेलीय, पण कान तिखट. मला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे आणि मी ती सर्रास विसरतो. त्या दिवशीही बायकोनं आतून विचारलं, घेतली का, आणि मी म्हणालो, राहिलीच. आई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "बापावर गेला. त्ये बी असेच इसरायचे. इसरले म्हणून तर गेले."

हे मी दहा-अकरा वर्षं ऐकत आलोय. लग्नात ऐकलं, वर्षश्राद्धाला ऐकलं, पाव्हण्यांत ऐकलं. दरवेळी गिळलं. त्या दिवशी का कोण जाणे, गिळलं गेलं नाही. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "आई, अण्णा इसरले नव्हते. मी दिली न्हाई त्यांला. डॉक्टरनं बंद केली म्हणून खोटं सांगितलं आन् मीच खाल्ली, स्पर्धेसाठी. चार दिवस."

तिनं हातातली शेंग न सोलताच परातीत ठेवली. मला वाटलं ती मारेल, निदान शिव्या देईल. मी त्यासाठीच बसलो होतो.

तिनं विचारलं, "त्यायला म्हाईत व्हतं?"

"दवाखान्यात कळलं. डॉक्टरनं विचारलं तवा."

तिनं मांडीवरची परात बाजूला ठेवली. माझ्याकडं बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडं बघत होती, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता.

"मी किती बोलले रे त्यायला," ती म्हणाली. "रोज बोलले. मरायच्या दिवशी सकाळी बी बोलले."